डावीकडचा दुहेरी पट्टा

जळोचीत साहेबरावचं वेल्डिंगचं दुकान कुठं आहे असं विचारलं, की लोक आधी हसायचे आणि मग रस्ता दाखवायचे. हसायचे ते दुकानाला नव्हे, मालकाला. साहेबराव एकदा गाडीखाली शिरला की बाहेर कधी येईल याचा नेम नसे. काम अर्ध्या तासाचं का असेना, हा खाली उताणा पडलेला, हातात हातोडी, डोळे टक्क उघडे आणि मन भलतीकडेच. गिऱ्हाईक वाकून विचारायचं, "झालं का साहेबराव?" आतून उत्तर यायचं, "व्हय, आलोच," आणि पुन्हा सगळं शांत. उसाच्या ट्रॉल्या जोडून घ्यायला आलेले शेतकरी तेवढ्यात चहा पिऊन, बाजार करून, एखादी सोयरीक जुळवून परत यायचे. चिडायचे, नाही नाही ते बोलायचे, आणि पुढच्या हंगामाला ट्रॉली घेऊन पुन्हा त्याच्याच दारात उभे राहायचे. त्यानं जोडलेला सांधा उसाच्या ओझ्यानं कधी उकलला नाही, एवढीच त्याची पुण्याई.

त्याची बायको शकुबाई सांगायची, "ह्यांना मीठ आणाया धाडावं, तर हे कॅनॉलवर पाणी बघत बसत्यात. मीठ इसरून येत्यात, आन वर मलाच इचारत्यात, कशाला गेलतो म्हणून." तक्रारच करायची ती, पण त्या तक्रारीतला लाड काही लपायचा नाही.

साहेबराव मूळचा डाळजचा. म्हणजे जुन्या डाळजचा, जे उजनीच्या पाण्याखाली गेलं त्याचा. पाणी चढलं तेव्हा त्यानं नुकतीच विशी ओलांडली होती. गाव उठून वर माळावर जाऊन बसलं. साहेबरावच्या घरच्यांनी मात्र बारामतीची वाट धरली, आणि तो ट्रॉल्या बांधणाऱ्या एका कारखानदाराकडे वेल्डिंग शिकला. गाव बुडाल्याची हळहळ सगळ्यांनाच होती, पण बाकीच्यांचं गाव बुडालं ते बुडालं. साहेबरावनं तिथं राहायचं सोडलंच नव्हतं. गाडीखाली पडून वरच्या काळ्या लोखंडाकडे बघता बघता तो हळूच गावात शिरायचा. वेशीतून आत, तालमीवरून पुढं, पिंपळाच्या पारापाशी थांबून, मग आपल्या वस्तीच्या विहिरीकडं. पाण्याखाली असल्यामुळे सगळं हिरवट दिसायचं आणि कुणाच्या पावलांचा आवाज यायचा नाही. ज्या आळीतून त्याचा आजा चपला हातात घेऊन जायचा, त्या आळीतूनसुद्धा साहेबराव तंद्रीत चपला पायात घालून, आरामात, इकडंतिकडं बघत चालायचा. तिथून परत यायला वेळ लागणारच की.

तर शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्याच्या दुकानासमोर एक ट्रॅक्टर येऊन थांबला. ट्रॅक्टरच्या मागं दोरखंडानं बांधलेली एक मोटार होती. लांबलचक, गोल पाठीची, एकेकाळी हिरवी असावी अशी जुनी शेवरोलेट. तिच्या टपावर कोंबड्यांची घाण होती आणि पुढच्या दिव्याच्या वाटीत चिमणीनं घरटं केलेलं होतं. स्टिअरिंगवर बसले होते रामहरी तात्या. डाळजचे जुने बागाईतदार, पंच्याहत्तरीला टेकलेले, पांढरीशुभ्र टोपी आणि पाठ अजून ताठ.

साहेबराव गाडीकडे बघतच राहिला. ही गाडी त्याच्या जन्माची होती. उगाच म्हणायचं म्हणून नव्हे. दीक्षेच्या साली त्याचे वडील नागपूरला गेले होते, भिगवण स्टेशनातून भरभरून गाड्या निघाल्या होत्या, आणि इकडे त्याची आई कुशाबाई हिला भलत्या वेळी कळा सुरू झाल्या. सुईणीनं हात टेकले. तेव्हा तात्यांच्या बायकोनं, रंगुबाईंनी, ही गाडी काढायला लावली आणि कुशाबाईला मागच्या सीटवर घेऊन स्वतः शेजारी बसल्या. भिगवण दिसायच्या आत साहेबराव गाडीतच झाला आणि पहिल्यांदा पडला तो रंगुबाईंच्या ओंजळीत. पुढं ती सीट तात्यांच्या आईनं दोनदा धुऊन घेतली. बाळंतपणासाठी एकदा पुरलं असतं. दुसऱ्यांदा का धुतली, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणी बोललं नाही. रंगुबाई तेवढ्या सासूला म्हणाल्या, "माझे हात ऱ्हायले की धुवायचे." त्यावर म्हणे सासूनं महिनाभर अबोला धरला होता.

तात्या खाली उतरले. "साहेबराव, वळखलीस का?"

"व्हय तात्या. कुठं होती ही?"

"गोठ्यामागच्या शेडात. पंधरा वर्सं हलली न्हाय." तात्यांनी गाडीच्या दारावर हात ठेवला. "तुझ्या काकीला हिच्यात बसून जुन्या गावाला जायाचंय. पाणी लई खाली गेलंय औंदा. जुनी सडक उघडी पडलीया, पार मोरीपातूर. जीपमदी बस म्हणलं तर नगं म्हणती. हीच गाडी पायजे."

"काकी कशा हाईत?"

तात्यांनी दारावरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "पुण्याच्या डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलंय. वरच्या धरणांचं पाणी खाली सुटायच्या आत गाडी पायजे. त्या पाण्यानं सडक झाकली, की मग पुढल्या उन्हाळ्यात. आन पुढला उन्हाळा काय तिला दिसत न्हाय."

इंजिनाचं काम बारामतीच्या एका मिस्त्रीनं अंगावर घेतलं होतं. साहेबरावकडे आलं ते खालचं दुखणं. अशा जुन्या मोटारींचा सांगाडा वेगळा आणि अंग वेगळं. खाली लोखंडी चासी, वर बॉडी, दोघांच्या मध्ये रबराच्या गाद्या, आणि सगळ्याला धरून ठेवणारे आरपार बोल्ट. ज्या भोकांतून हे बोल्ट जातात त्यांच्याभोवतीचं लोखंड गंजून झडलं, की बोल्ट नुसताच लोंबकळतो आणि बॉडी चासीवर पाहुण्यासारखी बसून राहते. खड्ड्यात चाक गेलं की ती उठून चालती व्हायची.

साहेबरावनं बोल्ट काही गरम करून, काही कापून मोकळे केले. लिंबाच्या फांदीला चेनपुली लावून बॉडी चासीवरून हातभर उचलली आणि खाली लाकडी ओंडके सरकवले. मग तो आत शिरला आणि हातोडीनं चासी वाजवत निघाला. चांगलं लोखंड ठण्ण वाजतं. सडलेलं थप्प करतं. जिथं थप्प आलं तिथं तो खडूनं गोल काढायचा. उजवी बाजू बहुतेक ठणठणीत निघाली. डावीकडे मात्र मागच्या दाराखालची भोकं हाताची मूठ जाईल एवढी झाली होती.

कारणही सापडलं. उजव्या बाजूच्या गाद्या साध्या, एकेरी होत्या. डावीकडे कुणीतरी दुहेरी घातल्या होत्या, आणि त्याही कारखान्यातल्या पट्ट्याच्या. साखर कारखान्यात चिपाड वाहून नेणारा रुंद रबरी पट्टा झिजला की त्याचे तुकडे गावोगाव जातात. कुणी गोठ्यात अंथरतं, कुणी बैलगाडीला लावतं, कुणी चपलेचे तळ करतं. त्या पट्ट्यात कापडाचे थर असतात, आणि कापड पाणी पितं. दोन तुकडे एकावर एक ठेवलेले, मधे ओल धरून बसलेली. तिनं चाळीस वर्षांत खालचं लोखंड खाऊन टाकलं होतं. हातात घेतले तर पट्टे ओल्या भाकरीसारखे तुटले.

साहेबराव मनात म्हणाला, कुणी अडाण्यानं केलंय हे. एक बाजू उंच, एक बाजू नीच. त्यानं ते तुकडे भंगारात फेकून दिले.

पुढचे दिवस फार सुखाचे गेले. सडलेलं लोखंड त्यानं निर्मळ लागेपर्यंत कापून काढलं. वरून ठिगळ मारणारे पुष्कळ असतात. ठिगळाखाली गंज गुपचूप जेवत राहतो. ट्रॉलीच्या जाड पत्र्याचे तुकडे त्यानं मापात घासून त्या खिंडारांत बसवले, कडेनं वेल्डिंगचा टाका भरला आणि घासून असा गुळगुळीत केला, की बोट फिरवलं तरी जोड कळू नये. भोकं कुठं पाडायची हा खरा प्रश्न होता, कारण मूळची जागाच उरली नव्हती. त्यानं उजव्या बाजूचा साचा तेलाच्या डब्याच्या पत्र्यावर उतरवला, तो पालथा करून डावीकडे धरला, आणि वरून बॉडीच्या भोकातून ओळंबा सोडला. ओळंब्याचं टोक साच्याच्या खुणेवर हळूहळू स्थिर झालं. ते स्थिर होईपर्यंत साहेबराव गावात जाऊन आला. आज त्याला वेशीत ही गाडी उभी दिसली. आत कुणी नव्हतं, पण दार उघडं होतं.

कारखान्याचाच नवा पट्टा आणून त्यानं सगळ्या गाद्या सारख्या कापल्या, ओल जाऊ नये म्हणून डांबरात बुडवून काढल्या. बॉडी खाली सोडली. गवंड्याची पाण्याची नळी आणून दोन्ही बाजू ताडून बघितल्या. दोन्हीकडचं पाणी एका रेषेत उभं राहिलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा गाडी नीट उभी होती, आणि साहेबराव बाजेवर बसून तिच्याकडे असा बघत होता, की शकुबाई म्हणाली, "नजर लागंल. जेवा आधी."

दुसऱ्या दिवशी तात्या आले. गाडीजवळ गेले, मागं जाऊन उभे राहिले, गुडघ्यावर हात टेकून वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले.

"सरळ केलीस व्हय रं हिला," ते म्हणाले.

"व्हय तात्या. डावीकडं कुणी दुहेरी पट्टा घातला होता, काढून टाकला."

तात्या उठून बाजेवर येऊन बसले. शकुबाईनं दिलेलं पाणी प्यायले. मग त्यांनी सांगितलं ते असं. गाडी नवी आली तेव्हा रंगुबाई अंगानं चांगल्या भरलेल्या होत्या, आणि बसायच्या नेहमी मागं, डाव्या दारापाशी. त्या बसल्या की गाडी तिकडे कलायची. पोरंटोरं मागं लागून हसायची. एक दिवस रंगुबाई रुसल्या आणि गाडीत बसायचं सोडलं. त्यांच्या माहेरच्या लग्नालाही बैलगाडीनं गेल्या. तेव्हा तात्यांनी कारखान्यातला एक मिस्त्री आणला. स्प्रिंगला जादा पाटा चढवला तर रिकामी गाडी हाडं खिळखिळी करते म्हणून मिस्त्रीनं ही युक्ती काढली. रंगुबाई स्वतः उभ्या राहून, पुन्हा पुन्हा गाडीत बसून बघत, पट्ट्याची जाडी ठरवत गेल्या. तेव्हापासून गाडी रिकामी असली की उजवीकडे कलंडलेली दिसायची आणि रंगुबाई बसल्या की सरळ व्हायची.

"गाव लांबनं वळखायचं, गाडीत मालकीण हाय का न्हाय ते," तात्या म्हणाले. "ती बसली की मी मागं जाऊन वाकून बघायचा. बरोबर हाय, म्हणायचा. मग ती पदर सारखा करायची आन म्हणायची, चला. जलमभर असंच चाललं."

साहेबरावला मनापासून लाज वाटली. केलेलं काम चुकलं म्हणून नव्हे, काम तर तंतोतंत बरोबर होतं. त्यानं त्या बाईचं चाळीस वर्षांचं वजन उचलून भंगारात टाकलं होतं, आणि वर पाण्याच्या नळीनं खात्री करून घेतली होती.

"होतं तसं करून देतो तात्या."

"कर. पट्टा किती जाड होता ते तिलाच इचार. तिला समदं ठावं असतंय." उठताना ते म्हणाले, "बेगीन कर."

साहेबराव मोपेड काढून माळावरच्या नव्या डाळजला गेला. तात्या इंदापूरला औषधं आणायला गेले होते, सून पाण्याची मोटार चालू करायला विहिरीवर गेली होती. रंगुबाई पडवीत बाजेवर होत्या. मे महिन्याचं ऊन, आणि त्यांच्या अंगावर जाड वाकळ. वाकळीखाली एकावर एक अशी दोन लुगडी नेसलेली. तोंड मात्र एवढंसं झालं होतं. डोळे तेच.

"साहेबा, आलास का. गाडीत जलमलेला माणूस गाडीच दुरुस करत बसणार, मी तवाच म्हणलं हुतं." मग त्यांनी हळूच खूण केली. "ऊन आलं बघ अंगावर. उचल मला, त्या खांबापाशी ठीव."

साहेबराव चुळबुळला. जुन्या गावात ह्यांच्याच पडवीच्या पायरीशी त्याचा बाप ओणवा उभा राहत असे.

"उचल की. मी तुला उचलला तवा कुणाला इचारलं न्हवतं."

त्यानं वाकळीसकट त्यांना उचललं, आणि उचलल्यावर त्याला कळेना, की हातात वाकळच आहे की आत कुणी आहे. खांबापाशी दुसऱ्या बाजेवर त्यानं त्यांना जपून ठेवलं. रंगुबाई त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"कळलं न्हवं तुला," त्या म्हणाल्या. "त्यांना कळाया न्हाय पायजे. म्हणून ही वाकळ, म्हणून ही दोन दोन लुगडी. माझं समदं सून करती. त्यांना मी जवळ येऊ देत न्हाय. त्यांच्या डोळ्यांसमोर मी हुती तशीच ऱ्हायली पायजे."

साहेबरावनं गाडीची हकिकत सांगितली. पट्टा कसा काढला, तात्या कसे वाकून बसले. रंगुबाईंनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि दोन बोटं जुळवून दाखवली. "येवढा जाड. दुहेरीच घाल, त्यांना तशीच पायजे. पण मग मी बसले, तरी गाडी उजवीकडंच कलती ऱ्हाणार. आन ते मागं जाऊन वाकल्याबिगर गाडी हलवणार न्हाईत." त्यांनी दम घेतला. "माझ्या शिटाखाली कायतरी जड घालून ठीव. वाजलं न्हाय पायजे. तुझ्याबिगर कुणाला सांगू नगंस."

"शकूला सांगावं लागंल काकी. तिच्यापासनं माझं काय लपत न्हाय."

"मग तिला सांग. बाईमाणूस हाय, तिला कळंल."

परतीच्या वाटेवर साहेबरावला तंद्री लागली नाही. मोपेडच्या मागं ऊस भरलेला ट्रक हॉर्न वाजवत होता तेवढाच त्याला ऐकू येत होता. हातांना अजून ते वजन जाणवत होतं, म्हणजे वजन नसल्याचं जाणवत होतं.

पुन्हा बोल्ट सोडले, पुन्हा बॉडी उचलली. डावीकडे दुहेरी पट्टा आला, त्याला लांब बोल्ट आले. गाडी खाली सोडली तर ती उजवीकडे कलून उभी राहिली. येणारे जाणारे म्हणाले, साहेबराव, तंद्रीत गाडी वाकडी केलीस की. त्यानं ऐकून घेतलं. मग त्यानं मागची सीट काढली आणि शकुबाईला म्हणाला, "जरा आत बस."

"कशाला? माझं वजन कराया आणलंय का गाडीत?"

साहेबरावनं तिला खरं काय ते सांगितलं. शकुबाई चेष्टा करायचं विसरली. ती घरात गेली आणि जुनी धडुती घेऊन आली. भंगारातला एकेक लोखंडी तुकडा साहेबराव द्यायचा, ती तो धडुत्यात गुंडाळून पोत्यात ठेवायची, दोन तुकडे एकमेकांना लागू नयेत अशी. मग काही तुकडे कमी करून ती स्वतः बसायची, साहेबराव मागून बघायचा. ती उतरली की तिच्या वजनातून रंगुबाईंचं आत्ताचं वजन वजा करायचं आणि तेवढं लोखंड पुन्हा भरायचं, असा तो हिशोब. वाकळीचा अंदाज त्याच्या हातांना होता. पोतं भरत गेलं तशी शकुबाईच्या डोळ्यांना धार लागली. "इतकं कमी झालं ओ त्यांचं?" ती एवढंच म्हणाली आणि पोत्याचं तोंड दाभणानं शिवून टाकलं.

पोतं डाव्या दारापाशी ठेवून वर सीट बसवली. त्याच दिवशी बातमी आली, की वरच्या धरणांतून पाणी सोडणार आहेत.

सकाळी मिस्त्रीनं चालू करून दिलेली गाडी घेऊन साहेबराव डाळजला पोचला. गाडी धुतलेली होती. चिमणीचं घरटं शकुबाईनं अलगद काढून लिंबावर ठेवलं होतं, पिल्लं कधीच उडून गेली होती. सुनेनं आणि शेजारच्या बायकांनी रंगुबाईंना धरून आणलं. अंगणात आल्यावर त्यांनी आधी गाडीकडे बघितलं. किंचित का होईना, ती उजवीकडे कलून उभी होती. रंगुबाईंच्या ओठांवर थोडं हसू आलं. मग त्यांना मागच्या डाव्या दाराशी बसवलं. नाकात नथ होती, कपाळावर मोठं कुंकू, अंगावर दोन्ही लुगडी.

सगळे गाडीपासून बाजूला झाले. तात्या मागं गेले. गुडघ्यांवर हात ठेवून वाकले.

तात्या जरा जास्तच वेळ वाकून राहिले, असं साहेबरावला वाटलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"बरोबर हाय," ते म्हणाले.

रंगुबाईंनी पदर सारखा केला. "चला."

तात्या स्टिअरिंगवर बसले, साहेबराव त्यांच्या शेजारी. हायवे ओलांडून गाडी उतारानं खाली निघाली. पाण्यानं सोडलेली जमीन सुरू झाली, करडी, भेगाळलेली. मग त्या जमिनीतून जुनी सडक वर आली. डांबराचे तुकडे, कडेला पांढरे दगड, आणि सगळीकडे शिंपले. चाकांखाली शिंपले चुरचुरत होते. लांबवर पाणी होतं, इतकं शांत, की आभाळ कुठं संपतं ते कळत नव्हतं. बगळे उभे होते ते पाण्यात का आभाळात, सांगता येत नव्हतं. साहेबरावनं काच खाली केली. गाळाचा, वाळलेल्या शेवाळाचा वास आत आला. गाडी इतकी हळू चालली होती, की आपण कुठं जातोय का गावच आपल्याकडे येतंय, असं वाटावं.

मग गाव आलं. भिंतींचे कमरेएवढे अवशेष, पिंपळाचा नुसता पार, वस्तीच्या विहिरीचं गाळानं भरलेलं तोंड. साहेबराव वीस वर्षं ज्या आळ्यांतून मनानं फिरला होता, त्या किती अरुंद होत्या. जिथून चपला हातात घेऊन जावं लागायचं, ती आळी तर चार पावलांची होती. एवढ्याशा वाटेसाठी केवढा दरारा. त्याला हसावं का संतापावं ते समजेना.

रंगुबाई काचेला कपाळ टेकून बघत होत्या. "हितं उंबरा," त्या म्हणाल्या. "हितं तुळस. न्हाय, जरा अलीकडं." तात्या गाडी हातभर मागं घेत होते, पुढं घेत होते, आणि रंगुबाई चांगल्या आपल्या अंगणात आल्यासारख्या दिसत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हितं थांबवा. मला निवांत बसू द्या."

तात्या खाली उतरले, साहेबरावही उतरला. दोघं गाडीच्या मागं बरेच लांब चालत गेले, पूर्वी ज्याला वेस म्हणायचे तिथपर्यंत. पाणी चांगलंच जवळ दिसत होतं.

तात्या पाण्याकडे बघत म्हणाले, "शिटाखाली काय घातलंस रं?"

साहेबरावनं मागं वळून गाडीकडे बघितलं.

"मला ठावं हाय तिचं वजन. डॉक्टरच्या गोळीनं तिला गाढ झोप लागती, तवा तिची कूस मीच बदलतो. पाठीला जखमा व्हतील म्हणून. तिला कळत न्हाय, कोण बदलतंय ते. रोज हातांना कळतं, काल हुती त्याच्यापेक्षा आज कमी हाय." तात्यांनी टोपी काढून हातात घेतली. "गाडी रिकामी सरळ दिसली असती, तर तिला वाटलं असतं, आता आपली जागा धरायची गरज न्हाय म्हणून सरळ केली. म्हणून म्हणलं, हुती तशी कर. आन आज सकाळी मी खोटं बोलायची तयारी करून मागं गेलतो. गाडी किती का कललेली असंना, बरोबर हाय म्हणणार हुतो. वाकलो, तर खरंच बरोबर."

साहेबरावला रडू आलं, आणि ते त्यानं लपवलं नाही.

"तिनं सांगितलं तुला?"

साहेबरावनं होकारार्थी मान हलवली.

"मला ठावं हाय म्हणून तिला सांगू नगंस," तात्या म्हणाले आणि पाण्याच्या कडेनं थोडे पुढं चालत गेले, तोंड धुवायला.

साहेबराव एकटाच गाडीकडे परत आला. रंगुबाईंनी हाताची कापरी खूण करून त्याला खिडकीपाशी बोलावलं. बाहेर तात्या ऐकत तर नाहीत ना, ते आधी बघून घेतलं.

"व्हय रं साहेबा, काय म्हणाले?"

"बरोबर हाय म्हणाले काकी."

"आन तोंडावरनं काय वाटलं? त्यांना काय कळलं का?"

"न्हाय काकी," साहेबराव म्हणाला. "काईसुदिक कळलं न्हाय."

रंगुबाईंनी समाधानानं मान मागं टेकली आणि तात्या येईपर्यंत डोळे मिटून घेतले.